चोवीस, एकोणतीस आणि साचलेलं पाणी

माझ्याकडे दोन सायकली. दोन्ही बीएमएक्स,
दोन्ही पास्कूच्या दुकानातून, हप्त्यानं.
बायकोच्या मते दोन्ही एकच:
पोरांच्या सायकली, म्हणते, पोरांपेक्षा मोठ्या.

चोवीस इंची बुटकी.
ट्रॅकवर माझ्या मनातलं तिला आधी कळतं,
उंचवट्याशी मी श्वास धरेपर्यंत
तिचं पुढचं चाक हवेत.
पण एलबीएस रोडवर सकाळी साडेसातला
तीच शिवणयंत्र होते:
पाय फिरतायत, फिरतायत,
गुडघे कोपरांना म्हणतायत सरक जरा,
आणि विक्रोळीचा सिग्नल अजून तिथंच.

एकोणतीस उंच. खड्डा तिला कळतच नाही;
कळला तरी मला सांगत नाही.
एकदा वेग धरला की गांधीनगरपर्यंत
लग्नातल्या पाहुण्यासारखं नुसतं बसून राहायचं.
हँडलला पळी, टॉर्च, औषधाची बाटली.
(मी डासांच्या अळ्या मोजतो. महापालिकेत. पदनाम लांब आहे,
काम एवढंच: लोकांच्या पाण्यात डोकावणं.)
ट्रॅकवर मात्र ती वळणात विचार करते.
विचार करणारी सायकल वळणात पडते.
माझ्या डाव्या कोपरावर तिच्या विचारांची खूण आहे.

पास्कू म्हणतो, सव्वीस घे, मधली.
तो सगळ्यांनाच मधलं घ्यायला सांगतो
आणि स्वतः काळ्या, दांड्याच्या धुडावर
घंटी वाजवत चर्चला जातो.

मी कैची मारून शिकलो,
दांड्याखालून पाय घालून, अर्धं अर्धं पेडल.
तेव्हा ती मोठी, मी लहान.
आता बेचाळिसाव्या वर्षी उलट झालंय.
बरोबरीची कधी मिळालीच नाही.

ट्रॅक म्हणजे घाटकोपरला पाइपलाइनमागचा तुकडा.
कुणीतरी रात्री राडारोडा टाकून गेलं.
झुबेर, ऑस्टिन आणि शेलारांची मृदुला,
तिघांनी फावड्यानं त्याचे आठ उंचवटे केले.
मला घेतलं, कारण माझ्याकडे पंप होता.

गुरुवारी तक्रार आली. बीट माझंच.
पत्ता वाचला,
आणि शेवटचा रस्ता सायकल हातात धरून चालत गेलो.
पाइपच्या जोडातून बारीक धार,
आणि तिसऱ्या-चौथ्या उंचवट्याच्या मधे,
जिथं रविवारी मी हवेत असतो,
वीतभर पाणी.
पळी बुडवली. उजेडात धरली.
अकरा.
स्वल्पविरामासारख्या, उलट्या लटकून श्वास घेत होत्या.

अशा वेळी काय लिहायचं ते ठरलेलं असतं:
जागा सपाट करून घ्यावी.

मृदुला समोर उभी, चोवीस इंचीवर,
माझ्याच, उधार नेलेल्या.
काही विचारलं नाही तिनं.
ब्रेक दाबत राहिली, सोडत राहिली.

नोटीस मी लिहिली, नाही म्हणत नाही.
'पाण्याचा निचरा करावा' एवढं लिहिलं.
'सपाट' पेनातच राहिला.
गळतीचं पत्र पाणी खात्याला वेगळं,
त्याचं उत्तर आमच्या निवृत्तीपर्यंत येईल.

संध्याकाळी चर खणायला सगळे.
दोन फावडी, एक घमेलं, दोन बादल्या.
चोवीसच्या हँडलवर मावेनात,
एकोणतीसच्या मावल्या.
तिला ढकलत नेली, पहिल्यापासून आठव्यापर्यंत,
बादल्या हिंदकळत, माझी पँट भिजवत.
एकदाही पडली नाही.
वर मी नव्हतो ना.

चर तिरपा निघाला. ऑस्टिन म्हणाला, चालेल.
झुबेर म्हणाला, इथं आता उडी लांब पडणार.
मृदुला पायानं अंतर मोजत होती.

सोमवारी फेरतपासणी.
पळी मीच बुडवणार, आकडा मीच लिहिणार.
कुठली घेऊन जाऊ, ठरत नाही.
पास्कूला विचारलं तर म्हणेल, सव्वीस.